घड्याळ घेताना: मनगट, डोळा आणि सेकंदकाटा

विट्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. त्यांचे जुने चावीचे घड्याळ बंद पडले आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असे गावातील घड्याळजींनी सांगितले. पुण्याच्या नातवाने आजीसाठी स्मार्ट घड्याळ घेण्याचा आग्रह धरला आहे. सासूबाईंचे म्हणणे वेगळे आहे. हातात काही घातले आहे याची आठवणही राहू नये इतके लहान आणि हलके, आणि हरवले तर जिवाला चुटपुट लागू नये अशा किमतीचे घड्याळ त्यांना हवे आहे. 'हा प्रश्न आरोग्याच्या अंकाकडे पाठवावा की नाही, असा संकोच वाटतो,' असेही या भगिनींनी लिहिले आहे.

संकोचाचे काहीच कारण नाही. जी वस्तू दिवसाचे चौदा-पंधरा तास कातडीला लागून असते, ती चष्म्याइतकी आणि चपलेइतकीच डॉक्टरच्या अखत्यारीतील आहे. शिवाय घड्याळ आणि वैद्यक यांचे नाते बरेच जुने आहे. इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ मुद्दाम करवून घेतले आणि १७०७ साली त्याविषयी ग्रंथ लिहिला. त्या काळच्या बहुतेक घड्याळांना सेकंदकाटा नसे. नाडी जलद की मंद, हे तोवर वैद्याच्या बोटांनी ठरत असे. सेकंदांमुळे ते आकड्यात सांगता येऊ लागले.

म्हणून घरात वापरायच्या घड्याळाविषयी माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, आकाराचाही नसतो. त्यात सेकंद दिसतात का, एवढेच मी विचारते. दुकानातील स्त्रियांच्या घड्याळांचा कप्पा पाहा. नाजूक सोनेरी साखळी, नखाएवढी तबकडी, आकड्यांच्या जागी चार खडे, आणि सेकंदकाटा नाही. हे दागिने म्हणून सुंदर आहेत, त्याविषयी तक्रार नाही. पण घरात तापाचे मूल, रक्तदाबाचे सासरे आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणारी नणंद असेल, तर ज्या बाईच्या हातात या सगळ्यांचे करणे असते, तिच्याच मनगटावर मिनिट मोजता न येणारे घड्याळ असावे, हे मला पटत नाही.

नाडी मोजणे अवघड नाही. रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला आपली मधली दोन बोटे हलकेच ठेवावीत. आपला अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात. ठोके नियमित असतील तर तीस सेकंद मोजून दुप्पट केले तरी चालते. मध्येच चुकत असतील, मागे-पुढे पडत असतील, तर पूर्ण मिनिट मोजावे आणि 'ठोके अनियमित' असे लिहून ठेवावे. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारणपणे ६० ते १०० असते; नियमित धावणाऱ्याची त्याहून कमी असू शकते. हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी आपली रोजची नाडी ठाऊक करून घ्यावी. ती नेहमीपेक्षा फारच उतरली आणि चक्कर येऊ लागली, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे असते. साठीनंतर प्रथमच लक्षात आलेली अनियमित नाडी तर दाखवलीच पाहिजे, कारण हृदयाच्या एका अनियमिततेत रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येण्याचा धोका असतो आणि तो औषधाने पुष्कळ कमी करता येतो.

नाडीपेक्षाही अधिक महत्त्वाची मोजणी मात्र लहान मुलाच्या श्वासाची आहे. तिच्यासाठी मी या लेखात जास्त जागा घेणार आहे.

खोकला-ताप असलेल्या मुलाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे घरात ओळखण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे एका मिनिटातील श्वास. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादा आईने स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर ते जलद श्वसन समजावे आणि मूल डॉक्टरांकडे न्यावे. मोजताना मूल रडत नसावे, अंगावर पीत नसावे. झोपलेले असेल तर उत्तम. झबले वर करावे, पोट किंवा छाती वर आली की एक, पुन्हा वर आली की दोन, असे पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई येथे उपयोगाची नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही; काही सेकंद भराभर, मग क्षणभर थांबल्यासारखा, असा तो मुळातच असतो. त्यामुळे अर्धवट मोजणीत दहा-पंधराची चूक सहज होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० च्या वर भरले तर पुन्हा एकदा मोजावे. छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही गुंगीत राहत असेल, तर मोजत बसू नये, तडक निघावे.

महाराष्ट्राला या मोजणीचा एक इतिहास आहे आणि तो आपण अभिमानाने सांगावा असा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली, तेव्हा तिथल्या खेड्यांत न्यूमोनियाने बालके दगावत होती आणि गावातील दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. घड्याळ वाचणे तर दूरच. तेव्हा त्यांनी मणी सरकवायची पाटी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका एकत्र करून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याच्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. निरक्षर बाईच्या हाती निदान देणारी ही युक्ती होती. पुढे त्याच भागात नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ती पद्धत देशभरातील आशाताईंच्या कामाचा भाग झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायला येते, ती या योजनेतूनच. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, तापमापी असते आणि सेकंद दाखवणारे साधे डिजिटल घड्याळही असते. ते केवळ वेळ पाहण्यासाठी दिलेले नाही, हे पुष्कळ घरांना माहीत नसते.

पाटण तालुक्यातील डोंगरातल्या एका वाडीवरून काही वर्षांपूर्वी आषाढात रात्री मला फोन आला. बोलणारी आशाताईच होती. "मॅडम, दोनदा मोजलं. एकदा चौसष्ट, एकदा सदुसष्ट. अंगावरबी नीट पीत नाही बाळ." बाळ पाच आठवड्यांचे होते. आजी म्हणत होती, सकाळी उजाडल्यावर बघू. बाहेर धो-धो पाऊस, ओढ्याला पाणी. नुसते "बाळाला धाप लागलीय" असे कोणी सांगितले असते, तर त्या पावसात कोणी घर सोडले असते का, मला शंका आहे. दोन आकड्यांनी घरातील पुरुष उठले, जीप मिळाली, बाळ कराडला पोहोचले आणि आठवड्याने घरी गेले. शेकडो रुपयांतच मिळणाऱ्या त्या घड्याळाइतके काम त्या रात्री दुसऱ्या कोणत्याही यंत्राने केले नाही.

आता डोळ्याकडे येऊ. चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचे बारीक अक्षर दिसत नाही, हे आपण वर्तमानपत्राच्या बाबतीत मान्य करतो, घड्याळाच्या बाबतीत विसरतो. सासूबाईंना 'लहान' घड्याळ हवे आहे याचा अर्थ लहान तबकडी हवी आहे असा घेऊ नये. त्यांना हवे आहे ते हलके आणि पातळ घड्याळ. मनगटाला टोचते ती जाडी, रुंदी नव्हे. बाईच्या सामान्य मनगटावर अठ्ठावीस ते चौतीस मिलिमीटर व्यासाची तबकडी सहज बसते. पट्टा ज्या दोन टोकांना जोडलेला असतो, ती टोके मनगटाच्या कडेबाहेर आली नाहीत म्हणजे झाले. बाहेर आली की घड्याळ बांगड्यांवर आपटते, पदरात अडकते आणि दोन महिन्यांत कपाटात जाते. पांढऱ्या तबकडीवर काळे, ठसठशीत, बारापर्यंतचे सगळे आकडे आणि काळे काटे, याला तोड नाही. सोनेरी तबकडीवर सोनेरी काटे मोतीबिंदू होऊ घातलेल्या डोळ्याला दिसतच नाहीत. मधुमेहाने दृष्टी मंदावलेल्यांना तर रंगाचा हा फरक फार जाणवतो.

येथे एच.एम.टी.ची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये घड्याळे तयार होऊ लागली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे आपल्याकडे नवरदेवाच्या हातात, पहिल्या नोकरीच्या पगारात, निवृत्तीच्या समारंभात तेच घड्याळ असे. त्यातील 'जनता' हे आजच्या मानाने लहानच, सुमारे पस्तीस मिलिमीटरचे. तबकडी स्वच्छ, आकडे वाचता येण्याजोगे. अंध व्यक्तींसाठी ब्रेल घड्याळेही त्यांनी केली. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने बाजार पालटला, आणि २०१६ साली एच.एम.टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. मला त्या घड्याळांचे प्रेम आहे, पण संधिवाताने बोटे वाकलेल्या आजींना रोज चावी द्यायला लावणारे घड्याळ मी सुचविणार नाही. त्यांच्यासाठी सेलचेच बरे. पट्टाही असा हवा की एका हाताने, न चिमटता, लावता येईल. बारीक पिनेच्या बक्कलपेक्षा लवचीक धातूचा ताणणारा पट्टा वृद्धांना सोपा जातो. मात्र त्यात केस आणि सैल कातडी चिमटीत सापडते. ज्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे त्यांना मऊ रबरी किंवा कापडी पट्टा घ्यावा.

कातडीच्या तक्रारी माझ्याकडे मार्च ते जून या काळात सर्वाधिक येतात. मनगटाच्या मागे, बरोबर घड्याळाच्या पाठीच्या आकाराचा किंवा बक्कलच्या जागी चौकोनी, लालसर, खाजणारा चट्टा. पुष्कळदा हे निकेल या धातूचे वावडे असते. स्वस्त मिश्रधातूवर दिलेल्या मुलाम्यातील निकेल घामात विरघळते आणि कातडीत शिरते. ज्या बाईला खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात, तिला अशा घड्याळानेही त्रास होण्याचा संभव मोठा. युरोपीय संघाने १९९४ साली कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावे यावर कायद्याने मर्यादा घातली, ती याच कारणाने. आपण एवढे करावे, की घड्याळाच्या पाठीवर 'स्टेनलेस स्टील' असे कोरलेले आहे का ते पाहावे. ते फक्त पाठीपुरते असू शकते, म्हणून बक्कलही पाहावे. वावडे ठाऊक असेल तर प्लास्टिकच्या कवचाचे, रबरी पट्ट्याचे घड्याळ घ्यावे. चामड्याच्या पट्ट्यानेही काहींना इसब होतो. चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम त्याच्या मुळाशी असते. सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्यांना हे विशेषतः जाणवते, कारण सिमेंटमध्येही क्रोमियम असते.

सगळ्याच चट्ट्यांना वावडे कारण नसते. घाम, साबण आणि ओल पट्ट्याखाली अडकून राहिली तरी कातडी सोलवटते. भांडी घासून झाल्यावर घड्याळ काढून मनगट कोरडे करावे, रात्री घड्याळ उतरवून ठेवावे, आठवड्यातून एकदा रबरी पट्टा साबणाने धुऊन वाळवावा, एवढ्यानेच निम्मी प्रकरणे मिटतात. आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षबागेवर फवारणी करणाऱ्यांनी चामड्याचे किंवा कापडी पट्ट्याचे घड्याळ बांधून बागेत जाऊ नये. पट्टा औषध शोषून घेतो आणि मग ते दिवसभर कातडीला लागून राहते. मनगटाची आतली कातडी पातळ असते. घड्याळ घरी ठेवावे. गेलेच असेल तर पट्टा टाकून द्यावा. सांगलीत हळद दळण्याच्या, निवडण्याच्या कामावर असणाऱ्यांना पट्ट्याखालची पिवळी धूळ हा किरकोळ त्रास आहे, पण खाज सुरू झाली की तोच निखारा होतो.

घड्याळ किती घट्ट बांधावे? पट्ट्याखाली करंगळी सहज सरकली पाहिजे. अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या हाडावरून एक नाजूक चेतातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. घट्ट पट्ट्याने तो दाबला गेला की अंगठा आणि तर्जनी यांच्या पाठीमागच्या भागात मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी विजेसारखी चमक जाते. १९३२ साली वार्टेनबर्ग या चेतातज्ज्ञाने या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव आहे. अशा तक्रारीसाठी मानेचे फोटो काढून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. घड्याळ महिनाभर दुसऱ्या हाताला सैल बांधले की त्यांतील अनेकांना आराम पडतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हातावर सूज येते. तेव्हा पट्टा एक छिद्र सैल करावा. घड्याळ आणि अंगठी एकाएकी आवळू लागल्या, सोबत डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर मात्र त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताला घड्याळ, बांगडी, रक्तदाबाचा पट्टा यांपैकी काहीही बांधायचे नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याची शक्यता असते; तिकडे घट्ट पट्टा नको.

कामाच्या जागी घड्याळ उतरवण्याचा नियम किर्लोस्करवाडीपासून सातारच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत सर्व कारखान्यांत सांगितला जातो, कारण फिरत्या यंत्रात पट्टा अडकला तर पट्टा तुटण्याआधी हात जातो. पण उसाच्या रसाचा चरक, मळणी यंत्र आणि कडबाकुट्टी ही घरची यंत्रे आहेत, आणि तिथे नियम सांगायला कोणी उभे नसते.

पाण्याविषयी थोडक्यात. तबकडीवर '३० मीटर' लिहिलेले असले तरी ते घेऊन कृष्णेत पोहायला उतरू नये. तो आकडा प्रयोगशाळेतील दाबाचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले पाणी आणि पावसाची सर, इतकाच. पोहायचे असेल तर निदान ५० मीटर लिहिलेले हवे.

किमतीचे म्हणाल तर सेकंद दाखवणारे, हलके आणि टिकाऊ घड्याळ हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळते. टायटनच्याच सोनाटा मालिकेत ठळक आकड्यांची आणि सेकंदकाट्याची साधी घड्याळे आहेत. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे डिजिटल घड्याळ १९८९ पासून जवळजवळ त्याच रूपात विकले जाते. वजन जेमतेम एकवीस ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, सेलचे आयुष्य सात वर्षे. विद्यार्थी, परिचारिका, आशाताई यांना ते उत्तम. त्याची अडचण एवढीच की सेकंदांचे आकडे बारीक आहेत आणि अंधारातला दिवा मिणमिणता आहे. सत्तरीच्या डोळ्यांना काट्यांचेच घड्याळ सोयीचे. शिवाय जन्मभर काट्यांवर वेळ वाचलेल्या माणसाला 'पावणेसहा' दिसतात, १७:४५ दिसत नाहीत.

मात्र या डिजिटल घड्याळांच्या पोटात जो सेल असतो, त्याविषयी घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. काट्यांच्या लहान घड्याळातील सेल डाळीच्या दाण्याएवढा असतो. पुष्कळ डिजिटल घड्याळांत, वजनकाट्यांत आणि मोटारीच्या किल्लीत मात्र वीस मिलिमीटरचा, नाण्यासारखा लिथियमचा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर आवरणाच्या संपर्कात त्यातून वीजप्रवाह सुरू होऊन तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते. सेल जुना, 'संपलेला' असला तरी त्यात एवढे करण्याइतकी वीज शिल्लक असते. गिळताना कोणी पाहिले नसेल तर लक्षणे फसवी असतात. लाळ गळणे, खायला नकार, खोकला, ओकारी. शंका आली की वाट पाहू नये. ओकारी काढू नये, केळे किंवा भात खायला घालून 'खाली ढकलण्याचा' प्रयत्न करू नये. जिथे क्ष-किरण फोटो आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयातच थेट जावे, वाटेत दोन ठिकाणी थांबू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि घटना बारा तासांच्या आतील असेल, तर निघता निघता दोन चमचे मध द्यावा आणि प्रवासात दर दहा मिनिटांनी पुन्हा द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याची तीव्रता कमी होते. मधासाठी निघणे मात्र लांबवू नये. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच नको. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तर तेल किंवा थेंब घालू नयेत, तेही तितकेच घातक ठरते. ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे पाठ बारीक स्क्रूंनी घट्ट बसवलेलेच घड्याळ असावे, आणि सेल घरी काढण्याऐवजी घड्याळजींकडूनच बदलून घ्यावा. जुना सेल खिशात घालून घरी आणू नये.

राहिला नातवाचा आग्रह. स्मार्ट घड्याळाच्या पाठीतून हिरवा प्रकाश कातडीवर पडतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, त्यावरून नाडी मोजली जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ते बऱ्यापैकी सांगते. हात हलता असेल, थंड असेल, पट्टा सैल असेल, तर चुकते. सातारच्या घाटात मॅरेथॉनसाठी सराव करणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग आहे, ठोके अनियमित असलेल्या काही रुग्णांना मी स्वतःही ते सुचवते. पण स्वस्त स्मार्ट घड्याळांतील रक्तदाबाच्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नये. सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांविरुद्ध तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले आहे. आणि बहात्तर वर्षांच्या आजींना रोज किंवा एक-दोन दिवसांआड घड्याळ चार्जिंगला लावायला सांगणे म्हणजे रोज चावी द्यायला सांगण्यापेक्षा फारसे वेगळे नाही. काही आजी तर दर तासाला आकडा पाहून घाबरतात आणि घाबरल्याने आकडा आणखी चढतो.

तेव्हा विट्याच्या भगिनींनी सासूबाईंना घेऊनच सांगलीला हरभट रोडवर किंवा जिथे सोयीचे असेल तिथे जावे. घड्याळ भेट म्हणून परस्पर आणू नये. तीसएक मिलिमीटरची पांढरी तबकडी, सगळे आकडे, काळा किंवा लाल सेकंदकाटा, स्टीलची पाठ, मऊ पट्टा. दुकानाच्या काचेपाशी, चष्म्यासह आणि चष्म्याशिवायही, वेळ वाचायला सांगावे. मग सासूबाईंनी त्याच घड्याळावर सुनेची नाडी मोजावी, आणि सुनेने त्यांची. दोघींनाही सेकंदकाटा अडखळल्याशिवाय दिसला, तर तेच घ्यावे. पट्ट्याला शेवटच्या छिद्रापुढे आणखी एक छिद्र तिथेच पाडून घ्यावे. वाळलेल्या मनगटांना कारखान्यातली छिद्रे पुरत नाहीत.